साम्य नव्व्याण्णव टक्के, तरी जात निराळी

माणसाच्या मोठ्या आतड्यातील जीवाणूंपैकी पुष्कळांना प्राणवायू सोसत नाही. त्यामुळे विष्ठेच्या नमुन्यातून असा जीवाणू सुटा काढून तो जिवंत राखणे हीच पहिली अडचण असते. हवा काढून टाकलेल्या बंद नळ्यांत हे काम चालते आणि त्यास मोठी चिकाटी लागते.

पुण्यातील आघारकर संशोधन संस्था व राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र येथील संशोधकांनी २६ व ५६ वर्षे वयाच्या दोन निरोगी व्यक्तींच्या नमुन्यांतून असे दोन वाण मिळविले. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही वाटोळे दिसत. परंतु वाटोळे जीवाणू शेकडो आहेत. रूपावरून ओळख पटत नाही. म्हणून सुमारे १५०० अक्षरांच्या एका विशिष्ट जनुकाची क्रमवारी तपासण्यात आली. मेंढीच्या पोटातील जीवाणू म्हणून पूर्वीपासून परिचित असलेल्या मेगास्फेरा एल्सडेनीशी ती ९९ टक्क्यांहून अधिक जुळली.

तपास येथेच थांबता, तर दोन्ही वाण जुन्या नावाखाली नोंदले जाऊन एल्सडेनीविषयीचे निष्कर्ष त्यांनाही लागू केले गेले असते. नाव-आडनाव सारखे असलेले दोन खातेदार एकच समजल्यास काय घोटाळा होतो, हे तलाठी दप्तराशी संबंध आलेल्या वाचकांस सांगावयास नको.

संशोधकांनी मग संपूर्ण डीएनएची जुळणी पाहिली. उष्णता देऊन दोन जीवाणूंच्या डीएनएचे धागे सुटे करावयाचे व एकाचे धागे दुसऱ्याच्या धाग्यांशी कितपत जुळतात ते मोजावयाचे, अशी ही रीत. जुळणी ७० टक्क्यांहून कमी भरल्यास जाती भिन्न मानतात. (हा आकडा माणसांनी संकेताने ठरविला आहे, निसर्गाने नव्हे, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांस अवश्य सांगावे.) एल्सडेनीशी एका वाणाची जुळणी ४२, तर दुसऱ्याची ५३ टक्के भरली, परस्परांशी मात्र ती ८०.९ टक्के होती. अर्थात दोन्ही वाण एकाच जातीचे, आणि ती जात नवी.

२०१४ साली मेगास्फेरा इंडिका हे तिचे नाव प्रसिद्ध झाले. मात्र नवे नाव ग्राह्य ठरण्यासाठी जिवंत वाण दोन देशांतील संग्रहांत ठेवावा लागतो. त्याप्रमाणे एनएमबीएचआय-१० हा आदर्श वाण जर्मनीतील संग्रहात २५५६३ व पुण्याच्या सूक्ष्मजीव संग्रहात २४८१ या क्रमांकाने नोंदला गेला. ज्या संशोधकास निष्कर्षाविषयी शंका असेल, त्याने तो मागवून तपासावा, एवढ्यासाठीच ही व्यवस्था आहे.