सलोख्याची शाळा

पनवेल हे कोकणाचे प्रवेशद्वार. मुंबईहून पुण्याकडे आणि गोव्याकडे जाणाऱ्या वाटा येथूनच निघतात. रेल्वेची वर्दळ अहोरात्र चालते. आता तर तालुक्यात विमानतळही उभा राहिला आहे. परंतु शहर मागे टाकून कर्नाळ्याच्या किंवा माथेरानच्या डोंगराकडे वळले, की गावाच्या शिवेबाहेर, माळाच्या कडेला, कुडाच्या भिंतींची काही घरे दृष्टीस पडतात. ती कातकरवाडी होय. मोटारींचा आवाज तेथवर पोहोचतो. शहराची सुबत्ता मात्र क्वचितच पोहोचते.

कातकरी हे या भूमीचे जुने रहिवासी. खैराच्या लाकडाचा गाभा उकळून कात काढणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. त्यावरूनच त्यांना हे नाव पडले. कोणता कंद कसा शिजवावा, कोणती मुळी कोणत्या दुखण्यावर चालते, ओढ्यात मासे कोठे लपतात, हे त्यांच्या लहान मुलांनाही ठाऊक असते. इंग्रजी अमदानीत वनांवर सरकारी निर्बंध आले आणि ज्या रानात ते पिढ्यान्‌पिढ्या वावरले, त्याच रानात ते अपराधी ठरू लागले. या जुलमी कायद्यांविरुद्ध २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेर येथे जंगल सत्याग्रह झाला. पोलिसांनी केलेल्या गोळीबारात जे वीर धारातीर्थी पडले, त्यांत नाग्या महादू कातकरी हे होते. देशाने कातकऱ्यांना फार थोडे दिले. कातकऱ्यांनी मात्र देशासाठी प्राण दिले.

रानाचा आधार तुटला आणि बहुतेकांना जमीन नव्हती. मग कोळसाभट्ट्या आणि वीटभट्ट्या हाच पोटाचा आधार झाला. पावसाळ्यात चूल थंडावते, तेव्हा भट्टीमालकाकडून उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर ती फेडण्यासाठी सारे बिऱ्हाड घेऊन भट्टीवर जायचे, असा क्रम सुरू झाला. आईबापांबरोबर मुलेही जातात. शाळेच्या हजेरीपटावर नाव राहते. बाकावरची जागा रिकामी होते. पावसाच्या तोंडी मूल परत येते, तोवर वर्ग पुढे निघून गेलेला असतो.

अडचण आणखी एक आहे. घरी मूल कातकरी बोली बोलते. पुस्तकातील मराठी त्याच्या कानांना परकी वाटते. गुरुजींचा प्रश्न न कळल्यामुळे ते गप्प बसते आणि सोबती त्याला मठ्ठ समजून हसतात. वस्तुतः रानातील शंभर वनस्पती ओळखणारे मूल मठ्ठ कसे असेल? त्याला उत्तर येत नाही असे नव्हे, त्याला प्रश्नच पोहोचलेला नसतो.

हे मर्म ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी फार पूर्वी जाणले. १९४५ साली बोर्डी येथे कार्य आरंभून पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तेथील वारली मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळेत येत नसत. तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. तीच कुरणशाळा! खडे, पाने आणि बिया हीच तेथील पाटी-पुस्तके होती. पुढे १९९० नंतरच्या दशकात ठाणे जिल्ह्यात ‘विधायक संसद’ या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा सुरू केल्या. मूल शाळेकडे येईना, तर शाळेने मुलाकडे जावे, हेच या दोन्ही प्रयोगांचे सूत्र.

याच्या उलट वाट धरली, तर काय होते, हे कॅनडा देशाने अनुभवले आहे. तेथे मूळ रहिवाशांची सुमारे दीड लाख मुले घरापासून दूर निवासी शाळांत ठेवण्यात आली. मातृभाषा बोलल्याबद्दल त्यांना शिक्षा होत असे. मुले घरची भाषा विसरली आणि घराला पारखी झाली. ११ जून २००८ रोजी त्या देशाच्या पंतप्रधानांनी संसदेत या अन्यायाबद्दल क्षमा मागितली. तोडलेली नाती क्षमेने लगेच जुळत नाहीत. परंतु चूक कबूल केल्यावाचून ती जुळूच लागत नाहीत.

भारताने या बाबतीत कायद्याने काही पावले टाकली आहेत. २००६ च्या कायद्याने वनांवरील आदिवासींचे हक्क मान्य झाले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात, शक्य तेथवर मुलाला मातृभाषेतून शिकवावे, असे म्हटले आहे. पण कायदा दार उघडतो. आत बोलावण्याचे काम माणसांनाच करावे लागते. भट्टीवर गेलेल्या मुलाची चौकशी करणारा शिक्षक, परतलेल्या सोबत्याला मागचा धडा समजावणारा विद्यार्थी, आणि त्याच्या बोलीतला एखादा शब्द आवडीने शिकून घेणारा वर्ग, हेच खऱ्या सलोख्याचे आरंभ आहेत.

ज्या दिवशी कातकरवाडीतील मूल फळ्यासमोर उभे राहून आपल्या बोलीत रानाची गोष्ट सांगेल आणि वर्ग हसण्याऐवजी कान देऊन ऐकेल, त्या दिवशी पनवेलचे शहर आणि डोंगराखालची वाडी यांतील अंतर खरोखर कमी झालेले असेल.

स्वाध्याय
१. कातकरी हे नाव कशावरून पडले?
२. कातकरी मुलांच्या शिक्षणात कोणत्या दोन अडचणी येतात?
३. कुरणशाळा व कॅनडातील निवासी शाळा यांतील भेद स्पष्ट करा.
४. ‘कायदा दार उघडतो, आत बोलावण्याचे काम माणसांनाच करावे लागते,’ या वाक्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहा.