वामनदादा कर्डक यांच्या गीतांतील नाममुद्रा

आळंदीहून पुण्याकडे येणारी ज्ञानदेवांची पालखी विश्रांतवाडीवरून जाते. अभंगाच्या अखेरच्या चरणात कवीचे नाव ऐकण्याची सवय या वाटेला पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. याच परिसरातील वस्त्यांत आंबेडकर जयंतीला भीमगीते गायिली जातात, आणि वामनदादांच्या अनेक गीतांच्या शेवटीही असेच एक नाव येते : ‘वामन’. योजनेचे बाह्यरूप सारखे असले, तरी तिचे कार्य सारखे नाही. दलित साहित्याच्या विवेचनात वामनदादांचा उल्लेख बहुधा ‘पूर्वपीठिका’ म्हणून उरकला जातो. त्यामुळे हा भेद दुर्लक्षित राहिला आहे.

वामन तबाजी कर्डक (1922–2004) यांचा जन्म सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा. शाळेचा लाभ त्यांना झाला नाही. मुंबईत कष्टाची कामे करीत असताना, शिवडीच्या चाळीत, कोणी वाचावयास दिलेले पत्र वाचता न आल्याच्या शल्यातून ते अक्षरे शिकले. 1943 मध्ये त्यांनी पहिले गीत रचले. तेही हिंदी चित्रपटगीताच्या चालीवरील विडंबन होते. पुढे ‘वाटचाल’, ‘मोहळ’, ‘हे गीत वामनाचे’ हे संग्रह निघाले. तिसऱ्या संग्रहाचे शीर्षकच नाममुद्रेचे आहे, हा योगायोग मानण्याचे कारण नाही. ज्याला स्वतःचे नाव लिहिणेही मिळवावे लागले, त्याने ते गीतात कोरणे हा केवळ रूढीचा स्वीकार ठरत नाही.

संतांच्या मुद्रेत कवी बहुधा आराध्यापुढे नम्र होतो किंवा अनुभवाची ग्वाही देतो. वामनदादांच्या गीतांत बाबासाहेबांविषयी अपार कृतज्ञता आहे; तथापि त्यांचा ‘वामन’ केवळ भक्त म्हणून उभा राहत नाही. तो साक्षीदार आहे, आणि प्रसंगी जाब विचारणारा. अनुयायांच्या आचारविचारांतील अंतरावर बोट ठेवणारी त्यांची गीते या दृष्टीने विशेष महत्त्वाची होत. बोचरे बोल ज्या कडव्यात येतात, त्याच कडव्यात स्वतःचे नाव घातले की कवी टीकेच्या कक्षेबाहेर राहू शकत नाही. स्तुतिपर गीतांपेक्षा येथे त्यांची प्रतिभा अधिक कसदार वाटते. या मुद्रेचा संबंध केवळ अभंगाशी जोडणे अपुरे ठरेल. शाहिरी कवनातील छाप आणि गझलेच्या अखेरच्या शेरातील तखल्लुस हीही तिची सगोत्र रूपे होत. मुंबईच्या कामगारवस्तीत कव्वाली लोकप्रिय होती, आणि भीमगीताने तिचा बाज सहज आपलासा केला.

या मुद्रेला आणखी एक व्यावहारिक बाजू आहे. ही गीते गायनपार्ट्यांतून, नंतर ध्वनिफितींतून पसरली. श्रोत्याच्या ध्यानी गायकाचे नाव राही, कवीचे मागे पडे. अशा वेळी गीताच्या पोटात शिवलेले नाव हाच कर्तृत्वाचा पुरावा उरतो. मात्र हा पुरावा नाजूक आहे : मुद्रा शेवटच्या कडव्यात असते, आणि वेळ कमी पडला की गायक प्रथम तेच कडवे गाळतो. संकलकाच्या हाती असा खंडित पाठ आला, तर ज्ञात कवीची रचना ‘पारंपरिक’ म्हणून नोंदली जाण्याचा धोका असतो. म्हणून छापील संग्रहातील पाठ आणि गायिला जाणारा पाठ यांची कडवेनिहाय तुलना येथे पाठचिकित्सेचा आरंभबिंदू ठरते.