झाकण उघडण्याआधी

मुळशीत घर बांधतोयस, तर फरशी आणि खिडक्या निवडण्याआधी मैल्याचं काय होणार ते ठरव. तालुक्यातली सूस आणि म्हाळुंगे ही गावं 2021 मध्ये पुणे महापालिकेत गेली. पौडच्या पुढे, कोळवण-माले या बाजूला मात्र बहुतेक घरांना सेप्टिक टाकीच असते. तुंबलं म्हणून वॉर्ड ऑफिसात तक्रार करायची सोय तिथे नाही. टाकीचा मालक तू आणि मुकादमही तूच. म्हणून आत्याचं एवढं ऐकून ठेव.

जमीन विचारून घे. या तालुक्यात कुठे मुरूम लागतो, कुठे हातभर मातीखाली काळा कातळ. मुरमात पाणी जिरतं, कातळात जिरत नाही. शोषखड्डा घ्यायचा तिथे छोटा खड्डा खणून रात्री पाण्याने भरून ठेव. सकाळी पुन्हा भर आणि घड्याळ बघत बस. इंचभर पाणी उतरायला तासाहून जास्त वेळ लागला, तर तिथे शोषखड्डा चालायचा नाही. इंजिनिअरला विचारून दुसरी सोय कर. ही परीक्षा उन्हाळ्यात घेतलीस तर निकालावर फार भिस्त ठेवू नकोस. ताम्हिणीच्या अंगाला आषाढात जमीनच पाण्याने तुडुंब असते, ती तुझं पाणी कुठे घेणार? आणि विहीर-बोअरपासून शोषखड्डा किमान 18 मीटर लांब हवा. शेजाऱ्याची विहीरही त्यात मोजायची.

टाकी पाहुण्यांना धरून बांध. पाच माणसांसाठी भारतीय मानकात दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि एक मीटर पाण्याची खोली हे माप आहे. पण आपल्याकडे गणपतीत आणि सुट्टीत घर भरतं. दहा माणसांचं माप धर: दोन मीटर लांब, नव्वद सेंटिमीटर रुंद, खोली तेवढीच. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दोन्ही तोंडांना टी आकाराचा पाइप बसवून घे, म्हणजे वरची साय शोषखड्ड्यात जाऊन तो बुजवणार नाही. हवेचा पाइप छपराच्या वर ने आणि तोंडाला जाळी लाव. झाकणावर फरशी घालू नकोस. गच्चीचं आणि अंगणाचं पावसाचं पाणी टाकीत कधीच सोडू नकोस.

एखादा गवंडी म्हणेल, “तळ मोकळा ठेवू, कधीच उपसावी लागणार नाही.” हसून नको म्हण. जी टाकी कधीच भरत नाही ती जमिनीत गळते आहे, आणि ते पाणी कुणाच्या तरी बोअरमध्ये पोचतं आहे. तळ आणि भिंती पक्क्या, आतून गिलावा केलेल्याच हव्यात.

प्लंबर निवडताना त्याचं जुनं काम बघ. दोन पावसाळे काढलेलं घर दाखव म्हणावं, आणि त्या घरच्या बाईला विचार. मोरी तुंबते का, वास येतो का, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. मजुरी वेगळी, माल वेगळा, दोन्ही कागदावर घे. मैल्याच्या चार इंची पाइपला चाळीस फुटांत एक फूट ढाळ साधारण पुरतो. जिथे पाइप वळतो तिथे चेंबर हवाच. नळाच्या पाइपांची दाब देऊन चाचणी टाइल्स बसण्याआधी झाली पाहिजे. मातीखाली जाण्याआधी प्रत्येक पाइपचा टेप धरून फोटो काढ, नकाशा काढ, आणि तो स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटव. शेवटचा हप्ता मात्र सगळे नळ एकदम सोडून, सगळे फ्लश ओढून बघितल्यावरच द्यायचा.

टाकीला औषधं पाजू नकोस. गूळ, शेण, यीस्ट, बाजारातली पुडी, काही लागत नाही. मैल्यातच जीवाणू असतात, ते आपलं काम करतात. त्यांना मारतं ते बाटलीच्या बाटली ओतलेलं ॲसिड आणि फिनेल. तळणाचं तेल, सॅनिटरी पॅड, बाळाचं डायपर संडासात टाकायचं नाही, हे पाहुण्यांनाही सांग. लाज वाटत असेल तर पाटी लाव.

उपसा वेळेवर. दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसावी लागते. काठीला पांढरं फडकं गुंडाळून तळापर्यंत सोड. गाळ आणि साय मिळून टाकीचा तिसरा हिस्सा झाला की उपशाची गाडी बोलाव. वाकून आत डोकवायचं नाही, आसपास बिडी-काडी नाही, कारण आत मिथेन असतो. गाडी एप्रिल-मेमध्ये बोलाव. पावसात तिचं चाक चिखलात रुततं, आणि ओल्या जमिनीत रिकामी केलेली प्लास्टिकची टाकी वर उचलली जाते. उपसताना तळाशी थोडा गाळ राहू दे. गाडीवाल्याला दर विचारण्याआधी विचार, माल कुठे रिकामा करतोस? उत्तर मैला प्रक्रिया केंद्राचं हवं. ओढ्यात ओतलेलं मुळेत जातं, आणि मुळा पुढे पुण्यातून वाहते.

शेवटचं, आणि यात तडजोड नाही. टाकीत माणूस उतरवायचा नाही. आतला हायड्रोजन सल्फाइड वायू आधी नाक बधिर करतो, म्हणजे वास गेला असं वाटतं आणि तिथेच घात होतो. एक पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. 2013 च्या कायद्याने संरक्षणाच्या साधनांशिवाय कुणालाही टाकीत उतरवणं हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कामाला लावणारा म्हणून त्यात तूही येतोस. कुणी आत पडलाच, तर मागे उतरू नकोस, 112 लाव.

नळी तळापर्यंत पोचली नाही की गाडीवरचा पोरगा म्हणेल, “साहेब, दोन मिनिटांचं काम आहे, उतरतो.” घरी बायको-पोरं असलेला, दिवसाची मजुरी बुडेल म्हणून घाबरलेला माणूस असंच म्हणतो. त्याची मजुरी त्याच्या हातात ठेव, झाकण लाव, आणि लांब नळीची दुसरी गाडी बोलाव.