घंटा न वाजलेल्या दिवसांची चाकरी

कुक्षी हे जुन्या धार संस्थानातले गाव. आणि धार व देवास येथील पवारांच्या आश्रयाने माळव्या-निमाडात स्थिरावलेल्या मराठी घराण्यांत चाकरीविषयीची श्रद्धा वंशपरंपरेने चालत आलेली आहे. 1948 साली संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या. परंतु आपला मुलगा कोणत्यातरी दप्तरात एकदाचा चिकटावा ही पालकांची इच्छा काही विलीन झाली नाही. बारावीचा निकाल हाती घेऊन बसलेल्या अशाच पालकांपुढे आज मी अग्निशमन सेवेचा मार्ग ठेवीत आहे, आणि तो ठेवताना त्यांच्या मनात प्रथम कोणती भीती उभी राहील याची मला पुरती जाणीव आहे.

ही भीती एका गैरसमजातून उद्भवते. अग्निशामक म्हणजे ज्वाळांत उडी घेणारा साहसी पुरुष, असे चित्र आपण मनात बाळगतो; वस्तुतः लहान गावच्या बंबखान्यात महिन्याचे बहुसंख्य दिवस वर्दीवाचून जातात, आणि त्या सेवेची खरी परीक्षा याच रिकाम्या दिसणाऱ्या दिवसांत होत असते. सकाळची हजेरी, कवायत, बंबाची बॅटरी व टाकी यांची तपासणी, पंप चालवून त्याचा दाब पाहणे, शिड्या व श्वसनयंत्रे यांचा मुलाहिजा, आणि शेवटी झाल्या कामाची नोंदवहीत नोंद, असा हा शिरस्ता असतो. आणि ज्याला त्याचा कंटाळा येतो, त्याच्या हाती ऐन वेळी बंद पडलेला पंप येतो.

एक होजपाइपच घ्या. 63 मिलिमीटर व्यासाचा, पंधरा किंवा तीस मीटर लांबीचा हा पाइप आगीवरून परतला की धुवावा लागतो, उभा टांगून वाळवावा लागतो. कॅनव्हासचा असेल तर ओला गुंडाळून ठेवल्यास त्याला बुरशी धरते आणि पुढच्या वर्दीला दाब चढताच तो फाटतो. तीच गोष्ट विहिरीवर पंप लावण्याची. हवेच्या दाबाने पाणी सिद्धान्ततः दहा मीटरच वर येते, व्यवहारात सात-आठ मीटरांपलीकडे भरवसा नसतो. म्हणून उन्हाळ्यात कोणत्या विहिरीचे पाणी किती खोल गेले आहे, हे आग लागण्यापूर्वी ज्याने पाहून ठेवले, तोच निमाडात उपयोगी पडतो.

निमाड हा कापसाचा मुलूख, आणि कापसाची आग फसवी असते. जिनिंगमध्ये कापसाबरोबर खडा वा लोखंडाचा तुकडा गेला तर ठिणगी उडते. गठ्ठ्याच्या वरून पाणी ओघळून जाते आणि आत निखारा धुमसत राहतो. गठ्ठा फोडून पाहिल्याशिवाय आग विझली असे म्हणता येत नाही. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर दुपारी जी आग दिसली ती कापसाच्या गठ्ठ्यांतलीच होती. तिचे मूळ सापडेना, त्याच जहाजात स्फोटके भरलेली, आणि चार वाजून सहा मिनिटांनी पहिला महास्फोट झाला. त्या दिवशी मुंबई अग्निशमन दलाचे 66 जवान कामी आले, म्हणून देशभर 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो.

त्या सप्ताहात, आणि खरे तर वर्षभर, हे दल गावात मिसळलेले असते. शाळेत मुलांना गॅस हवेहून जड असल्याने तो जमिनीलगत साचतो हे समजावणे, पेटलेल्या तेलावर पाणी न ओतता झाकण ठेवण्यास गृहिणींना शिकविणे, गणपतीच्या मांडवातील वीजजोडणी पाहणे, विहिरीत पडलेले जनावर काढणे, अशा कामांतून जो विश्वास संपादन होतो, त्याच्याच बळावर आगीच्या वेळी गर्दी बाजूला सरते.

आता मार्ग कोणते, ते सांगतो. महाराष्ट्रातील नगरपालिकांच्या फायरमनपदास बहुधा दहावी व सहा महिन्यांचे मान्यताप्राप्त प्रशिक्षण लागते. तेथे मराठी लिहिता-वाचताही यावी लागते, याचा घरी केवळ मराठी बोलणाऱ्या आपल्या मुलांनी विचार करावा. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाची स्वतंत्र अग्निशमन शाखा विज्ञान घेऊन बारावी झालेल्यांना घेते. गणित-विज्ञानात गती असेल त्याने 1956 साली स्थापन झालेल्या आणि पुढील वर्षी नागपुरास आलेल्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाची अभियांत्रिकी पदवी डोळ्यांपुढे ठेवावी. 2002 साली याच महाविद्यालयात हर्षिनी कान्हेकर या पहिल्या विद्यार्थिनीने प्रवेश मिळविला व पुढे त्या तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाच्या अग्निशमन सेवेत रुजू झाल्या. तेव्हा मुलींच्या पालकांनीही हे पान उलटू नये. तेलशुद्धीकरण केंद्रे, विमानतळ आणि आपल्याच जिल्ह्यातील पीथमपूरसारखे कारखान्यांचे परिसर, या सर्वांना शिक्षित अग्निशमन अधिकारी हवे असतात.

दोन गोष्टी मात्र निक्षून सांगितल्या पाहिजेत. लहान नगरपरिषदांत हे काम पुष्कळदा रोजंदारीवर अथवा कंत्राटावर करून घेतले जाते. म्हणून नेमणुकीचा कागद वाचल्याखेरीज होकार देऊ नये. दुसरे, खासगी संस्थेत शुल्क भरण्यापूर्वी तिच्या प्रमाणपत्रास भरती करणारे खाते मान्यता देते की नाही, हे त्या खात्याच्या जाहिरातीशी ताडून पाहावे. जोखीम आहेच, ती मी लपवीत नाही. परंतु प्रशिक्षण, साधने आणि शिस्त यांनी ती पुष्कळच आटोक्यात येते, आणि बेशिस्तीने ती वाढते.

म्हणून मुलगा धाडसी आहे की नाही, हे पालकांनी विचारू नये. सायकल वापरल्यावर तो ती पुसून जागेवर ठेवतो का, एवढे महिनाभर न बोलता पाहावे. ठेवत असेल, तर त्याला एखाद्या सकाळी कवायतीच्या वेळी बंबखान्यात घेऊन जावे.