गुडघ्याचा निर्णय : शस्त्रक्रिया, व्यायाम आणि संयम



वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या आकड्यांबरोबर एखाद्या आरोग्यविषयाची सविस्तर माहिती द्यावी, अशी आपल्या वाचकांची अपेक्षा असते. या वेळी आम्ही गुडघ्याच्या दुखापतीचा विषय घेतला आहे. पेण आणि रोहा या दोन्ही तालुक्यांत गुडघा हा पोटापाण्याशी जोडलेला अवयव आहे. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत कारागीर तासन्‌तास उकिडवे किंवा मांडी घालून बसतात. आषाढात भातलावणी करणाऱ्या स्त्रिया चिखलात वाकून, पाय उपसत दिवस काढतात. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत उभ्याने पाळी करावी लागते. आणि गावोगावच्या मैदानांवर कबड्डी खेळणारे तरुण तर गुडघ्याच्या बळावरच चढाई करतात. असा गुडघा एके दिवशी मुरगळतो आणि घरातील सर्वांपुढे एकच प्रश्न उभा राहतो : शस्त्रक्रिया करायची की नाही?

या प्रश्नाचे उत्तर केवळ एमआरआयच्या अहवालात सापडत नाही. ते शोधावे कसे, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे. आम्ही हे प्रशासनाच्या खुर्चीतून लिहीत आहोत. प्रत्येक रुग्णाचा अंतिम निर्णय त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावा, हे प्रारंभीच नमूद करतो.

गुडघ्याची रचना

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जेथे भेटतात तो गुडघा. ही दोन हाडे आपल्या जागी राहावीत म्हणून चार मुख्य अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, दोरखंडासारखे काम करतात. त्यांपैकी गुडघ्याच्या मध्यभागी असणारा एक अस्थिबंध नडगीचे हाड पुढे सरकू देत नाही आणि पाय रोवून अंग वळवताना गुडघ्याला स्थिर ठेवतो. डॉक्टर त्याला ‘एसीएल’ म्हणतात. हाडांच्या मध्ये अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. त्यांना मेनिस्कस म्हणतात. शरीराचा भार सर्वत्र सारखा वाटून देणे हे त्यांचे काम.

कबड्डीत चढाईपटू पाय रोवून एकदम वळतो, त्याच क्षणी घोट्याची पकड बसते आणि दोघेतिघे अंगावर येतात. पाय जमिनीत, अंग दुसऱ्या दिशेला. ‘कट्‌’ असा आवाज झाल्याचे रुग्ण सांगतात आणि काही तासांत गुडघा सुजतो. साध्या एक्स-रेमध्ये हाड शाबूत दिसते, म्हणून घरचे निर्धास्त होतात. परंतु एक्स-रेमध्ये अस्थिबंध व गादी दिसत नाही. ती इजा डॉक्टरांच्या हातांच्या तपासणीने आणि गरजेप्रमाणे एमआरआयने कळते.

अविनाश साबळे यांचे उदाहरण

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातील मांडवा या गावचे, शेतकरी कुटुंबात वाढलेले आणि भारतीय लष्करात दाखल झालेले अविनाश साबळे हे नाव आपण सर्वांनी ऐकले असेल. त्यांची शर्यत ३००० मीटर स्टीपलचेसची. त्यात २८ अडथळे आणि पाण्याच्या खड्ड्यावरून ७ उड्या असतात. प्रत्येक उडीनंतर शरीराचा भार एका पायावर उतरतो. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळविले. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्ण जिंकले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचणारे ते पहिले भारतीय पुरुष ठरले.

जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथील डायमंड लीग शर्यतीत पाण्याच्या उडीपाशी त्यांना दुखापत झाली आणि शर्यत अर्धवट सोडावी लागली. एसीएल आणि मेनिस्कस या दोन्हींना इजा झाल्याचे निष्पन्न झाले. मुंबईत शस्त्रक्रिया झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियो येथे झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेला त्यांना मुकावे लागले.

त्यांच्यापुढील परिस्थिती स्पष्ट होती. धावणे आणि उड्या मारणे हीच ज्याची उपजीविका, त्याला अस्थिर गुडघा चालत नाही. अशा रुग्णाला शस्त्रक्रियेचा सल्ला मिळणे स्वाभाविक आहे. परंतु वर्तमानपत्रातील अशी बातमी वाचून आपल्याकडील एखादे कुटुंब “त्यांनी केली, मग आपणही लगेच करू” असे म्हणते, तेव्हा थोडे थांबण्याची गरज असते.

शस्त्रक्रिया सर्वांनाच लागते का?

स्वीडनमध्ये १२१ तरुण व क्रियाशील रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. एसीएल नुकताच फाटलेल्या या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. ६२ जणांवर लवकर शस्त्रक्रिया केली. ५९ जणांना आधी शिस्तबद्ध व्यायामोपचार दिले आणि गरज भासल्यास नंतर शस्त्रक्रिया, असे ठरविले. दोन वर्षांनी दोन्ही गटांतील रुग्णांनी सांगितलेली गुडघ्याची स्थिती जवळपास सारखीच होती. व्यायामाच्या गटातील २३ जणांना तोवर शस्त्रक्रिया करावी लागली होती. पाच वर्षांअखेर हा आकडा ३० झाला. म्हणजे सुमारे निम्म्यांना शस्त्रक्रियेची गरजच पडली नाही. मात्र व्यावसायिक खेळाडू या अभ्यासात नव्हते, हेही ध्यानात ठेवावे.

याची दुसरी बाजू २०२२ मध्ये ब्रिटनमधून आली. दुखापत जुनी झालेल्या आणि गुडघा वारंवार दगा देणाऱ्या ३१६ रुग्णांच्या अभ्यासात शस्त्रक्रियेच्या गटाला व्यायामाच्या गटापेक्षा अधिक लाभ झाल्याचे दिसले.

दोन्ही अभ्यास एकत्र वाचले म्हणजे सामान्य रुग्णाला वाट दिसते. दुखापत ताजी असेल, गुडघा अडकत नसेल आणि काम पाय रोवून वळण्याचे नसेल, तर काही महिने मनापासून व्यायाम करून पाहण्यात नुकसान नाही. त्यानंतरही गुडघा चालताना निसटत असेल, तर शस्त्रक्रिया टाळीत बसू नये. दर वेळी निसटणारा गुडघा आतील गादी थोडी थोडी खराब करीत असतो.

गादी शिवावी की काढावी?

गादीच्या बाबतीतील निर्णय आणखी नाजूक असतो आणि तो समजण्यास अमेरिकेतील बास्केटबॉलपटू डेरिक रोझ यांचे उदाहरण उपयोगी पडते. २०११ मध्ये वयाच्या अवघ्या २२ व्या वर्षी ते तेथील व्यावसायिक लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले होते. २८ एप्रिल २०१२ रोजी त्यांच्या डाव्या गुडघ्याचा एसीएल फाटला. शस्त्रक्रियेनंतर ते पुढचा संपूर्ण हंगाम खेळले नाहीत. डॉक्टरांनी परवानगी दिल्याच्या बातम्या येऊनही त्यांनी मैदानात उतरण्याची घाई केली नाही आणि त्याबद्दल बरीच टीका सोसली.

नोव्हेंबर २०१३ मध्ये त्यांच्या उजव्या गुडघ्याची गादी फाटली. त्या वेळी ती शिवून दुरुस्त करण्यात आली. शिवलेली गादी भरून येण्यास महिने लागतात, म्हणून तोही हंगाम गेला. फेब्रुवारी २०१५ मध्ये तीच गादी पुन्हा फाटली. या वेळी फाटलेला भाग काढून टाकला आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ते मैदानावर परतले.

एकाच माणसाच्या एकाच गादीवर दोन वेळा दोन निरनिराळे निर्णय झाले. काढून टाकल्यास माणूस लवकर उभा राहतो. परंतु गादी जितकी जाते तितका भार थेट हाडांच्या कूर्चेवर पडतो. गादी काढलेल्या गुडघ्यात पुढे झिजेच्या खुणा दिसतात, हे ब्रिटिश शल्यचिकित्सक फेअरबँक यांनी १९४८ मध्येच दाखवून दिले होते. शिवण्याने वेळ जातो, काही वेळा टाका सुटतो, परंतु यश आल्यास म्हातारपणचा गुडघा वाचतो. प्रत्येक गादी शिवता येतेच असेही नाही. बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, तेथील फाट भरून येऊ शकते. आतल्या भागास तो नसतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी “गादी शिवता येईल का?” हा प्रश्न रुग्णाने अवश्य विचारावा. “किती दिवसांत कामावर जाता येईल?” हा प्रश्न आम्हांस नेहमी ऐकू येतो. पहिला क्वचितच ऐकू येतो.

आपल्याकडील तीन प्रकारचे रुग्ण

पहिला, कबड्डी खेळणारा विशीतील तरुण. त्याचा खेळ नुसता छंद नसतो. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि पोलीस भरतीत पुरुषांना १६०० मीटर धावावे लागते. त्याच्या गुडघ्यावर घराची आशा टेकलेली असते. पाय रोवून वळण्याचा खेळ पुढे खेळायचा असेल, तर त्याच्या बाबतीत शस्त्रक्रियेकडे कल झुकतो.

दुसरा, गणपतीच्या कारखान्यातील चाळिशीचा कारागीर. त्याला धावायचे नाही, पण पूर्ण गुडघा दुमडून बसायचे आहे. त्याला मांडीच्या स्नायूंच्या व्यायामाचा आणि बसण्याची पद्धत बदलण्याचा लाभ होतो. उंच पाटावर वा स्टुलावर बसून मूर्ती रंगविणे हाही उपचाराचाच भाग आहे.

तिसरी, लावणी करणारी पन्नाशीची माउली. या वयात एमआरआयमध्ये गादी फाटलेली दिसली तरी ती पुष्कळदा वयोमानाच्या झिजेची खूण असते. वजन, व्यायाम व वेदनाशमन यांवर आधी भर द्यावा, हेच बहुतेक वेळा हिताचे असते.

एमआरआयचे तीन अहवाल एकसारखे वाचले जाऊ शकतात आणि तरीही तिघांचे निर्णय वेगळे योग्य ठरतात, ते या कारणाने.

पहिल्या दिवसांत काय करावे?

खेळ तत्काळ थांबवावा. कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे ठेवावा, पट्टी बांधावी, पाय उशीवर उंच ठेवावा. चोळणे, झटका देऊन ‘बसविणे’, गरम शेक देणे कटाक्षाने टाळावे. गुडघा अडकून सरळ होत नसेल, पायावर भारच देता येत नसेल, अथवा पाऊल गार वा बधिर पडत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. एसीएलची शस्त्रक्रिया मात्र सहसा तातडीची नसते. सूज उतरून गुडघा पूर्ण सरळ होऊ लागल्यावर केलेली शस्त्रक्रिया अधिक सोयीची ठरते. या मधल्या आठवड्यांत कुटुंबाने शांतपणे दुसरे मतही घ्यावे.

शस्त्रक्रियेनंतरचा खरा खर्च

शस्त्रक्रियेत फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी रुग्णाच्याच शरीरातील स्नायुरज्जू बसविला जातो. त्याला नव्या जागी रुजण्यास महिने लागतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणे जितके महिने लांबविले, त्यातील प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण ५१ टक्क्यांनी घटले. म्हणजे टाके निघाले की उपचार संपले, ही समजूत फार महागात पडते.

येथे हिशेबनीस म्हणून आम्हांस एक गोष्ट मांडावीशी वाटते. शस्त्रक्रियेचा खर्च एका पावतीवर दिसतो, म्हणून त्यासाठी मदत मागता येते आणि मिळते. त्यानंतरचा खर्च मात्र तुकड्यातुकड्यांनी होतो. आठवड्यातून दोन-तीन वेळा व्यायामोपचाराची फी, रोह्याच्या आतल्या गावातून एस.टी.चे वा रिक्षाचे भाडे, सोबतच्या माणसाची बुडालेली रोजी. या खर्चाची पावती कोणी मागत नाही, म्हणून तो कोणाच्या नजरेस येत नाही. दोन महिन्यांत रुग्ण येणे बंद करतो, गुडघा आखडतो किंवा पुन्हा फाटतो, आणि आधी खर्च झालेली मोठी रक्कम निष्फळ होते.

धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून योजना लागू आहे. तीनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. शिधापत्रिका व तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला दाखल होतानाच सोबत आणल्यास काम सोपे होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबाबत आरोग्यमित्रांकडे आधीच चौकशी करावी. २०१२ मध्ये ही योजना राजीव गांधी यांच्या नावाने प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला रायगड होता.

म्हणून देणगीदारांस आमची नम्र विनंती आहे. यंत्रसामग्री आणि खाटांसाठी आपण नेहमीच हात सैल सोडता, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. त्याबरोबर एका रुग्णाच्या नऊ महिन्यांच्या व्यायामोपचाराचा व प्रवासाचा भार उचलण्याचाही विचार व्हावा. अशा देणगीची संगमरवरी पाटी भिंतीवर लागणार नाही. परंतु एखादा मुलगा भरतीच्या मैदानावर धावेल, एखादा कारागीर श्रावणात पुन्हा मूर्तीपुढे बसेल.

रुग्णांच्या कुटुंबीयांस एवढेच सांगणे, की निर्णय करताना शेजारच्याने काय केले याकडे पाहू नये. आपल्या माणसाला हा गुडघा कशासाठी हवा आहे आणि पुढील नऊ महिने त्याच्यासोबत कोण येणार आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे घेऊन डॉक्टरांसमोर बसावे.