एकूण बुद्ध्यांक ११४ : मग वही कोरी का?

प्रश्न : माझा मुलगा दहा वर्षांचा, पाचवीत आहे. ग्रहणं असोत की गडकिल्ले, विषय निघाला की तासभर बोलतो. वही मात्र अर्धी कोरी आणि उरलेली लाल शाईने भरलेली. शाळेच्या सांगण्यावरून वेश्लर चाचणी करून घेतली. अहवालात भाषिक आकलन १३२, दृश्य तर्क १२३, कार्यस्मृती ९७, प्रक्रियावेग ८३ आणि एकूण बुद्ध्यांक ११४ असं लिहिलंय. वर्गशिक्षिका म्हणतात, "हुशार आहे की! आळस तेवढा सोडायला सांगा." तो खरंच आळशी आहे का? हे आकडे वाचायचे कसे?
— एक आई, नाशिक

उत्तर : आधी मोजपट्टी पाहू. या चाचणीत १०० हा त्या वयाच्या मुलांचा मध्य असतो. तीनपैकी दोन मुलं ८५ ते ११५ च्या दरम्यान येतात. १३० च्या पुढे शंभरात जेमतेम दोन. शेजारी पर्सेंटाइलचा रकाना असेल. तिथे ८३ समोर १३ पाहून पालकांच्या पोटात गोळा येतो, पण ते शंभरपैकी मिळालेले गुण नव्हेत. शंभर समवयस्कांत साधारण तेरा जण त्याच्या मागे आहेत, इतकाच त्याचा अर्थ. भाषिक आकलनात असे अठ्ठ्याण्णव जण मागे आहेत.

तुमच्या अहवालातली खरी बातमी १३२ आणि ८३ या दोन आकड्यांमधल्या ४९ गुणांच्या दरीत आहे. ११४ मध्ये चारही गट एकत्र मिसळतात आणि ही दरी बुजून जाते. त्या आकड्याचं मूल तुमच्या घरात नाहीच. अशा वेळी मानसशास्त्रज्ञांकडे 'जनरल ॲबिलिटी इंडेक्स' मागा. तो भाषिक आकलन आणि तर्क यांवरूनच काढतात. तुमच्या मुलाचा १३० च्या आसपास यावा.

आता आळसाबद्दल. प्रक्रियावेगाच्या चाचणीत पेन्सिल घेऊन, घड्याळ लावून, चिन्हं भराभर उतरवायची किंवा शोधायची असतात. तिथे गुण कमी पडण्यामागे हाताचा संथपणा, लक्ष टिकण्यातली अडचण, भीती किंवा प्रत्येक रेघ नीट काढण्याचा अट्टहास, काहीही असू शकतं. चाचणीच्या वेळी तो कसा वागला, याची नोंद अहवालात असते. ती जरूर वाचा. आळस मोजणारा रकाना मात्र यात कुठेच नाही.

मात्र एवढ्यावरून अध्ययन अक्षमता आहे असंही ठरत नाही. त्यासाठी वाचन, लेखन आणि गणित यांच्या वेगळ्या चाचण्या, शाळेच्या माध्यमाच्या भाषेत, व्हाव्या लागतात. त्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या. आणि वाचन-लेखनाच्या या चाचण्यांतच हुशार मुलं निसटतात. संदर्भावरून शब्द ताडत ती वाचन निभावून नेतात आणि 'सर्वसाधारण' ठरतात. इयत्तेपेक्षा दोन वर्षं मागे असणं ही निदानाची जुनी, रूढ कसोटी; तिच्यात अशी मुलं बसत नाहीत. म्हणून अर्थहीन शब्दांचं वाचन, वेळ लावून केलेलं वाचन आणि स्वतःच्या मनाने लिहिलेला परिच्छेद या तिन्ही गोष्टी तपासायला सांगा.

निदान झालंच, तर वाट तयार आहे. महाराष्ट्रात अशा मुलांना परीक्षेतल्या सवलती १९९६ पासून मिळताहेत, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र सरकारने नेमलेल्या रुग्णालयातून घ्यावं लागतं. जादा वेळ किंवा लेखनिक त्याच्या आधारे मिळतो.

शाळेत जाताना एकूण बुद्ध्यांक बाजूला ठेवून चारही आकडे दाखवा आणि नेमकं मागा : फळ्यावरचं उतरवून घेणं कमी, काही उत्तरं तोंडी, लिहायला जास्त वेळ. लेखन-वाचनासाठी विशेष शिक्षकांची मदत सुरू करा, पण त्यासाठी त्याची ग्रहणं आणि किल्ले बंद करू नका. अवघड पुस्तकं त्याला वाचून दाखवा. अक्षर सुधारेपर्यंत विचारांना खाद्य मिळालं नाही, तर उरलेला उत्साहही जाईल.

आणि अहवाल मुलापासून लपवू नका. पाचवीतल्या मुलाने बहुधा स्वतःला 'ढ' ठरवून टाकलेलं असतं. त्याला साध्या शब्दांत सांगा : तुला कळतं खूप लवकर, कागदावर उतरायला वेळ लागतो, आणि त्या दुसऱ्या गोष्टीसाठी आपण मदत घेतोय.