भाचीसाठी युरोचे कानमंत्र

भाचीबाई, परवा फोनवर विचारलंस, "मामा, पाकिटात हे युरो साठत चाललेत. जमवण्यात काही अर्थ आहे का?" अर्थ आहे, फक्त तो सगळीकडे नाही. नाण्यांच्या नादात माझे केस पांढरे झाले, त्यातलं तुला श्टुटगार्टमध्ये उपयोगी पडेल तेवढं सांगतो.

उद्या खर्चता येईल तेच आज जमव. शिवराईसारखं जुनं नाणं घ्यायचं तर बाजारभाव मोजावा लागतो. पारख चुकली की पैसे गेले. सुट्ट्या पैशांत आलेलं दोन युरोचं नाणं मात्र कंटाळा आला की बेकरीत देऊन पाव आणता येतो. तोटा व्हायला जागाच नाही. ही सोय दर्शनी किमतीला मिळालेल्या नाण्यापुरतीच आहे, बरं का. तेच नाणं मखमली डबीत घालून कुणी बारा युरोला गळ्यात मारलं, तर दहा युरो डबीचे समज. धातूच्या भरवशावरही राहू नकोस. दहा, वीस, पन्नास सेंटच्या पिवळ्या मिश्रधातूत 89 टक्के तांबं आणि बाकी ॲल्युमिनियम, जस्त, कथील असतं, सोनं नाही.

नाणं उलटून बघितल्याशिवाय पाकिटात टाकू नकोस. आकडा असलेली बाजू सगळीकडे सारखी, ती बेल्जियमच्या लुक लुइक्स यांनी केली. दुसरी बाजू ज्या-त्या देशाची. 2002च्या 1 जानेवारीला बारा देशांत ही नाणी हातात आली. 2026मध्ये बल्गेरिया आला आणि युरो वापरणारे युरोपीय संघाचे सदस्य देश 21 झाले. शिवाय मोनॅको, सान मारिनो, व्हॅटिकन आणि अँडोरा आहेतच. या सगळ्यांची नाणी हाती यावीत म्हणून स्टेशनवर, मंडईत, कॅन्टीनमध्ये रोख दे आणि मोड घे. कार्डाने चहा पिणाऱ्याला संग्रह करता येत नाही. उलटून बघण्याचा आणखी एक फायदा आहे. थायलंडचं दहा बाथचं नाणं दोन युरोच्याच अंगलोटाचं असतं, ते कुणी खपवलं तर जागीच कळेल.

बारीक अक्षरं वाच. आपल्या नाण्यांवर मुंबईच्या टांकसाळीचा चौकटीच्या आकाराचा ठिपका आणि हैदराबादचा तारा असतो, तो मी तुला लहानपणी दाखवलाय. जर्मनीत तेच काम अक्षर करतं. 'ए' बर्लिनचं, 'डी' म्युनिकचं, 'एफ' तुझ्या श्टुटगार्टचं, 'जी' कार्ल्सरूहेचं, 'जे' हॅम्बुर्गचं. सालावरून मात्र फसू नकोस. फ्रान्स, स्पेन, बेल्जियम, नेदरलँड्स, फिनलंड यांनी नाणी आधीच पाडून त्यांवर 1999, 2000 अशी खरी सालं घातली. फ्रान्सच्या नाण्यावर 1999 दिसलं म्हणून हुरळायचं कारण नाही.

एक विषय धर आणि तो तडीला ने. दोन युरोची स्मारक नाणी 2004मध्ये ग्रीसने सुरू केली. अथेन्स ऑलिंपिकसाठी थाळीफेक करणारा खेळाडू त्यावर होता. 2012पासून प्रत्येक देशाला वर्षाला दोन स्मारक नाणी काढता येतात, त्यामुळे सगळी जमवीन म्हणणारा दमतो. तू जर्मनीच्या सोळा राज्यांची माळ घे. 2006मध्ये ल्यूबेकच्या होल्स्टन वेशीपासून ती सुरू झाली आणि 2022मध्ये वार्टबुर्ग किल्ल्याशी संपली. ही नाणी सुट्ट्या पैशांत मिळतात. राज्यागणिक एक घेतलंस तर सोळा, पाचही टांकसाळींची घेतलीस तर ऐंशी. कुठे थांबायचं ते आजच ठरव आणि वहीच्या पहिल्या पानावर लिही.

कमी पाडलेलं आणि आपोआप कमी उरलेलं, यांत फरक कर. मोनॅकोने 2007मध्ये ग्रेस केलीच्या पंचविसाव्या पुण्यतिथीला दोन युरोची फक्त 20,001 नाणी काढली. आज ती दर्शनी किमतीच्या शेकडो पट भावाने जातात. ती पहिल्यापासून संग्राहकांसाठीच होती, मोडीत येण्याची वाट बघू नकोस. उलट ग्रीसच्या 2002च्या दोन युरोवर ताऱ्यात 'एस' दिसला की लोक इंटरनेटवर त्याचे हजारो युरो सांगतात. तो 'एस' म्हणजे नाणं फिनलंडमध्ये पाडलं एवढंच, आणि तशी नाणी कोटींनी आहेत. कुणी लिहिलेला भाव म्हणजे कुणी मोजलेले पैसे नव्हेत. इकडेही जुन्या नाण्यांचे लाखो देतो म्हणत रिझर्व्ह बँकेच्या नावाने आधी शुल्क मागणारे भामटे निघाले. 2021मध्ये बँकेला लोकांना सावध करावं लागलं. विकण्यासाठी आधी पैसे मागितले की फोन ठेवायचा.

नाण्यामागची भांडणं शोध. माझ्या मते या संग्रहाची खरी कमाई इथे आहे. वॉटर्लूच्या लढाईला 2015मध्ये दोनशे वर्षं झाली, तेव्हा बेल्जियमने दोन युरोचं स्मारक नाणं काढायचं ठरवलं. ते फ्रान्सच्या बाजारातही चालणार! नेपोलियनचा पराभव आपल्या गल्ल्यात नको म्हणून फ्रान्स अडून बसला. पाडून तयार असलेली सुमारे 1,80,000 नाणी बेल्जियमला मोडीत काढावी लागली. मग त्यांनी नियमातली फट शोधली. अडीच युरो असं चलनात नसलेलंच मूल्य घेतलं, ते फक्त बेल्जियममध्ये वैध, आणि त्याला दुसऱ्या देशांची परवानगी लागत नाही. झालं, वॉटर्लू नाण्यावर आलंच.

नाणं घासू नकोस. चिंच, लिंबू, टूथपेस्ट हे देवघरातल्या तांब्याला ठीक. घासलेल्या नाण्याला जाणकार हात लावत नाही. नाणं कडेला धर. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात वर्षानुवर्षं ठेवलं तर त्यावर हिरवट चिकटा येतो, म्हणून कागदी चौकट किंवा कडक कॅप्सूल घे. वहीत गाव आणि तारीख टीप.

निघताना चिल्लर तिकडेच संपव. इकडचे मनीचेंजर सहसा नोटा घेतात, नाणी घेत नाहीत. संग्रहातली सोडून बाकीची मोड विमानतळावर कॉफीत घाल. दुबार आलेली नाणी मात्र राखून ठेव, ती अदलाबदलीला लागतात. श्रीमंत व्हायचं असेल तर मुदत ठेव कर, हा नाद त्यासाठी नाही. सोळाच्या सोळा झाली की मला कळव, पुढचा विषय मी सुचवीन.